डीएल-44 च्या प्रतिकृतीवरचा काळा रंग चिकट राहतो आणि लोखंडासारखा दिसत नाही: मदत हवी आहे

वैनगंगातीर:
नमस्कार. 1977 साली आलेल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील हान सोलोच्या डीएल-44 पिस्तुलाची प्रतिकृती मी तयार केली आहे. आकार मनासारखा जमला, परंतु रंग काही केल्या साधत नाही. काळा रंग वाळतच नाही. बोट टेकवले की ठसा उमटतो. पिस्तूल जुने आणि वापरलेले वाटावे म्हणून कडांवर चंदेरी रंग दिला, तर ते जत्रेतल्या खेळण्यासारखे दिसू लागले आणि वरून क्लिअर (पारदर्शक वार्निश) मारल्यावर ती चंदेरीही करडी पडली. मला हे रविवारपर्यंत हवे आहे. यूट्यूबवरच्या चित्रफिती पाहून झाल्या आहेत, म्हणून कृपया नेमका उपाय सांगावा.

धानपट्टी:
रंग कशावर दिला आहे, लाकडावर, पत्र्यावर की प्लास्टिकवर? रंग कोणता, ब्रशने की स्प्रेने, आणि खाली प्रायमर आहे का? एवढे कळल्याशिवाय दिलेला उपाय अंदाजपंचे ठरेल.

वैनगंगातीर:
थ्री डी प्रिंट आहे, पीएलए नावाच्या प्लास्टिकचा, नागपूरहून छापून आणला. प्रायमर दिला आहे. रंग हार्डवेअरच्या दुकानातला काळा ऑइल पेंट आहे आणि तो ब्रशने दिला आहे. रंगाचा डबाच खराब निघाला का, एवढे सांगितले तरी पुरे.

नंदीवाला:
मी दरवर्षी तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी रंगवतो आणि ऑइल पेंटसारखा टिकाऊ रंग मला दुसरा ठाऊक नाही. तुम्ही जाड हात दिला असावा. जाड थराची वरची साय धरते आणि आतला रंग ओला राहतो. सध्या मे महिन्याचे ऊन आहे. दुपारभर टिनाच्या छपरावर ठेवा, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळेल.

धानपट्टी:
कृपया असे मुळीच करू नका. पीएलए साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा 45 च्या पुढे जातो, आणि उन्हातले टिन त्याहून कितीतरी अधिक तापते. काळ्या रंगाची वस्तू तिथे ठेवली तर पिस्तुलाची नळी वाकेल, आणि वाकलेला प्रिंट पुन्हा सरळ करणे फार अवघड असते. नंदीवाले भाऊंचा अनुभव लाकडापुरता खरा आहे. लाकूड तेल पिते, प्लास्टिक पीत नाही. वैनगंगातीर, रंग सगळीकडे सारखाच चिकट आहे का, की ठरावीक भागावरच?

वैनगंगातीर:
मुख्य भाग वाळला आहे. वरची दुर्बीण आणि पुढचे तोंड हे दोनच भाग चिकट आहेत. ते प्रिंटमधले नाहीत. छापलेले तुकडे तुटून आले होते, म्हणून घरी असलेली पाण्याची मऊ नळी कापून बसवली. पण त्यावरही तोच प्रायमर आणि तोच रंग आहे, मग फरक का पडावा?

धानपट्टी:
दोष नेमका तिथेच आहे. पाण्याची मऊ नळी पीव्हीसीची असते आणि ती लवचीक राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर मिसळलेला असतो. तो हळूहळू बाहेर येऊन ऑइल पेंटमध्ये उतरतो आणि रंगाला कडक होऊ देत नाही. असा रंग महिनाभर थांबलात तरी वाळणार नाही, आणि वरून आणखी थर दिलात तर तोही चिकट होईल. डब्याचा यात दोष नाही. ते दोन्ही तुकडे काढून टाका आणि वायरिंगसाठी मिळणारा कडक पीव्हीसी पाइप वापरा. 20 किंवा 25 मिलिमीटरपैकी जो मापाला जुळेल तो घ्या. त्यावर आधी 220 आणि मग 400 नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, चकाकी पूर्ण उतरवा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि मगच प्रायमर द्या.

नंदीवाला:
मग शेतातली ठिबकची नळी का नको? ती मुळातच काळी असते, रंगवण्याची गरजच उरणार नाही.

धानपट्टी:
ठिबकची नळी पॉलिथिलीनची असते. तिच्यावर प्रायमर किंवा रंग धरत नाही, नखाने सालपटे निघतात. न रंगवता ठेवली तर तिचा काळा आणि पिस्तुलाचा काळा शेजारीशेजारी वेगळे दिसतील.

रंगपेटी_वडसा:
झाडीपट्टीच्या नाटकांसाठी मी तलवारी, बंदुका आणि मुकुट रंगवतो. चंदेरी कडांना नावे ठेवू नका. रंगमंचावर दिव्यांच्या झोतात कड चमकली नाही, तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला हातात काय आहे हे कळतच नाही. उलट चंदेरी आणखी ठळक करा.

लेथवाला:
वडसेकर, तुमचे म्हणणे रंगमंचापुरते योग्य आहे, पण ही वस्तू कुठून पाहिली जाणार, हे प्रश्नकर्त्याने अजून सांगितलेलेच नाही.

वैनगंगातीर:
गावातल्या मित्रांसोबत मोबाइलवर लघुपट करतो आहोत. पिस्तुलाचे दोन प्रसंग अगदी जवळून घ्यायचे आहेत. रविवारी चित्रीकरण आहे. हे आधी सांगायला हवे होते असे वाटत नाही, रंग तो रंगच.

लेथवाला:
जवळून दाखवायचे असेल तर सगळी रीतच बदलते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चित्रपटातले मूळ पिस्तूल हे जर्मनीचे माउझर सी96, म्हणजे 1896 पासून बनू लागलेले खरे पिस्तूल; त्यावर दुर्बीण आणि पुढे मशीनगनचे तोंड बसवून ते तयार केले होते. त्या काळच्या पोलादावरचा काळा हा रंग नसतो. त्याला ब्लूइंग म्हणतात, आणि तो लोखंडाच्याच ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. रंगाचे टवके उडतात. ब्लूइंग मात्र हाताच्या आणि चामड्याच्या घर्षणाने झिजत जाते, आधी निळसर काळे, मग करडे, आणि अगदी कडेवर उघडे पोलाद. तुमच्या चंदेरी कडा नकली वाटतात त्या यामुळे. काळा जिथे संपतो तिथे चंदेरी एकदम सुरू होते, मधली करडी पायरीच नाही.

ही पायरी शिसपेन्सिलीने साधते. 6बी पेन्सिलीचे शिसे पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. ती बोटाच्या टोकावर किंवा कापसावर घेऊन वाळलेल्या काळ्या रंगावर रगडा. पहिल्या दोन-चार घासण्यांत काहीच झाल्यासारखे वाटत नाही; मग काळ्याच्या आतून लोखंडाची राखाडी चमक वर येते, आणि कडेवर बोट जास्त दाबले जात असल्याने तिथे ती आपोआप उजळ होते. शिसे म्हणजे ग्रॅफाइट. त्याचे पापुद्रे पृष्ठभागावर आडवे बसतात, म्हणून ही चमक येते. त्यावर क्लिअर मारू नका. क्लिअर त्या पापुद्र्यांभोवती शिरते आणि चमक मरते. तुमची चंदेरी करडी पडली, तेही याच कारणाने. क्लिअर हवेच असेल, तर ते ग्रॅफाइटच्या आधी, काळ्या रंगावर द्या.

वैनगंगातीर:
चंदेरी काढू का, की तिच्यावरच काळा देऊ? आणि ऑइल पेंट रविवारपर्यंत वाळेल का?

लेथवाला:
थिनरने पुसू नका, खालचा थर सुरकुतेल. चंदेरीच्या कडा 400 च्या पेपरने सपाट करा आणि त्यावर काळा अॅक्रिलिक स्प्रे द्या. तो लवकर वाळतो, पण पूर्ण मुरण्यासाठी एक रात्र तरी जाऊ द्या. स्प्रे पहाटेच मारा. दुपारच्या उष्ण, कोरड्या हवेत स्प्रेचा थेंब वाटेतच सुकतो आणि पृष्ठभागावर खरखरीत धुरळा बसतो; अशा खरखरीत थरावर ग्रॅफाइट कधीच चमकत नाही.

खैरवन:
मुठीविषयी कोणीच बोलले नाही. मूठ लाकडी असेल तर हिरड्याच्या काढ्यात बुडवा आणि मग व्हिनेगरमध्ये गंजलेले खिळे मुरवून केलेले पाणी फिरवा. हिरड्यातील टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की लाकूड आतपर्यंत काळे होते. आमच्या जंगलात हिरडा भरपूर आहे, बाजारचे रंग कशाला घ्यायचे?

नंदीवाला:
प्रश्न मुठीचा नाहीच. शिवाय तुम्ही सांगता तो रंग निळसर काळा येतो, आणि माउझरची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, तपकिरी असते. लाकडावरचे काम मी इतकी वर्षे करतो आहे. तपकिरीसाठी कात वापरा. गरम पाण्यात कात विरघळवून दोन-तीन हात दिले की साग उत्तम तपकिरी होतो.

खैरवन:
कात तर खैराचाच, म्हणजे आमच्याच जंगलाचा. मुठीसाठी कात बरोबर आहे, हे मान्य. पण मुठीवरच्या आडव्या खाचांत हिरड्याचे काळे पाणी जरूर भरा, तिथे हाताचा जुना मळ साचल्यासारखे दिसेल.

वैनगंगातीर:
मूठ सागाचीच आहे आणि अजून कोरीच आहे. कात घरात आहे.

शेतपांधण:
एक गोष्ट विचारली नसली तरी सांगतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 नुसार नकली शस्त्राचे खऱ्या शस्त्रात रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही. तुमची प्रतिकृती त्यात मोडत नाही. तरीही गडचिरोलीच्या बाजूला चित्रीकरण असेल, तर ती उघडी हातात घेऊन रस्त्याने किंवा एसटीने जाऊ नका. पिशवीत न्या आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी कळवून ठेवा. लांबून पाहणाऱ्याला खरे आणि नकली कळत नाही.

वैनगंगातीर:
पोलीस पाटील शेजारीच राहतात, आज सांगतो. कडक पाइप संध्याकाळी आणतो. शेवटचे एकच विचारतो: झीज नेमकी कुठे दाखवू? सगळ्या कडांवर दाखवली तर पुन्हा खेळणेच दिसेल.

लेथवाला:
पिस्तूल म्यानात जाताना आणि हातात येताना जिथे घासते, तिथेच. पुढच्या तोंडाची बाहेरची गोल कड सर्वांत उजळ ठेवा, कारण म्यानात आधी तीच शिरते. त्यानंतर ट्रिगरच्या पुढे असलेल्या मॅगझिनच्या खालच्या दोन कडा आणि मागे अंगठा टेकतो तो घोडा. दुर्बिणीचा फक्त वरचा माथा हलका घासा. खाचा आणि स्क्रूभोवतीची जागा काळीच राहू द्या. तिथे टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग सोडून वरचा पुसून घ्या, पण हे काम ग्रॅफाइटच्या आधी करा, नाहीतर टर्पेंटाइन भुकटी धुऊन नेईल.