रोज सकाळी संगणकाची तारीख २०१६ वर जाते आणि संकेतस्थळे उघडत नाहीत

प्रश्न : ग्रंथसेविका

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि तेथील पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी मी संगणकावर ठेवते. संगणक साधा डेस्कटॉप आहे, २०१६ साली घेतलेला, आणि त्यावर विंडोज १० आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून एक अडचण रोज येत आहे. सकाळी संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर तारीख व वेळ लावण्याविषयीची इंग्रजी सूचना येते. एफ१ कळ दाबल्यावर विंडोज सुरू होते, पण तारीख १ जानेवारी २०१६ अशी दिसते. ब्राउझरमध्ये कोणतेही संकेतस्थळ उघडायला गेले की जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. तारीख हाताने दुरुस्त केली की दिवसभर सारे सुरळीत चालते, मधल्या वेळेत संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी तारीख टिकते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार होतो.

गावातील एका दुरुस्ती करणाऱ्यांनी व्हायरस असेल म्हणून विंडोज नव्याने टाकून दिले, त्याने काहीच फरक पडला नाही. आता ते मदरबोर्ड बदलावा लागेल असे म्हणत आहेत आणि तेवढा खर्च वाचनालयाला झेपणारा नाही. त्यातच मी रजेवर असताना चार दिवस तारीख कोणी दुरुस्त केली नाही, त्यामुळे त्या दिवसांत दिलेल्या सर्व पुस्तकांवर २०१६ ची तारीख पडली आहे आणि वाचकांच्या नावावर हजारो रुपयांचा विलंब आकार दिसतो आहे. खरोखर मदरबोर्ड बदलावा लागेल का, आणि या नोंदी कशा सुधाराव्यात, हे कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.

उत्तर : जुना_तंत्रज्ञ

ताई, मदरबोर्ड बदलण्याची घाई करू नका. तुम्ही दिलेली लक्षणे मदरबोर्डवर बसवलेला घड्याळाचा सेल संपल्याची आहेत. संगणक बंद असतानाही त्यातील एक लहानसे घड्याळ चालूच असते. त्याचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या मोजणीवर तारीख-वेळ राखली जाते. या घड्याळाला वीज पुरवण्यासाठी रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, त्याला बाजारात सीमॉस बॅटरी म्हणतात. विंडोजशी त्याचा संबंध नसल्यामुळे विंडोज कितीही वेळा नव्याने टाकले तरी फरक पडणार नाही.

दिवसा तारीख टिकते आणि रात्रीत जाते, हा तुमच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. संगणक बंद केला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तर आतील पॉवर सप्लाय ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा चालू ठेवतो आणि घड्याळ त्यावर चालते. तो पुरवठा तुटला की सारा भार सेलवर येतो. माझा अंदाज असा आहे, की विजांच्या भीतीने आपण रात्री मुख्य खटका पाडून घरी जात असाल. तसे करणे योग्यच आहे, ते थांबवू नका. मात्र त्यामुळे सेल लवकर संपतो आणि संपलेला सेल त्याच काळात उघडा पडतो.

संकेतस्थळांचा इशाराही याच कारणाने येतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपल्या ओळखीचे एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते वैध आहे हे लिहिलेले असते. ही मुदत फार लांब नसते. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेने वर्षानुवर्षे ९० दिवसांची प्रमाणपत्रे दिली आहेत. आपला संगणक २०१६ सालात वावरत असेल, तर आजचे कोणतेही प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून लागूच झालेले नसते, म्हणून ब्राउझर ते नाकारतो. तो इशारा डावलून पुढे जाण्याची सवय कोणीही लावून घेऊ नये. आधी तारीख नीट करावी. इंटरनेट असूनही विंडोज स्वतः तारीख का सुधारत नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. एकट्या संगणकावर विंडोजची वेळ-सेवा मूळ मांडणीनुसार १५ तासांहून अधिक तफावत आपोआप दुरुस्त करत नाही, आणि तुमच्याकडे तफावत वर्षांची आहे.

सेल विकत घेताना सीआर२०३२ हाच क्रमांक सांगा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा ३ व्होल्टचा लिथियम सेल. सीआर२०२५ क्रमांकाचा सेल तसाच दिसतो, पण पातळ असल्याने खाचेत सैल बसतो. एलआयआर२०३२ हा पुन्हा चार्ज करण्याचा वेगळा प्रकार आहे, तो घेऊ नका.

उत्तर : नोंदवही

वरील निदान मला पूर्ण पटते, पण सेल काढण्यापूर्वी एक काम न विसरता करावे, कारण ते न केल्यामुळे मी स्वतः एक अख्खा दिवस अडकून पडलो होतो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ कळ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, जावे आणि तेथील प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. सेल काढल्यावर बायॉस मूळ मांडणीवर जाऊ शकते आणि तसे झाले, तर हार्ड डिस्क हाताळण्याची पद्धत बदलू शकते. साटा (डिस्कची जोडणी) या मथळ्याखाली एएचसीआय ही पद्धत असेल आणि ते बदलून दुसरे काही झाले, तर विंडोज सुरूच होत नाही आणि माणसाला डिस्क गेली असे वाटते. बूटचा क्रम (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे) आणि सुरू होण्याची पद्धत यूईएफआय की लेगसी हा पर्यायही टिपून ठेवावा. आपल्या संगणकावर तारीख रोज पुसली जात असूनही विंडोज सुरू होते आहे, म्हणजे आपल्याकडे हा धोका कमी आहे, तरीही फोटो काढायला पाच मिनिटेच लागतात.

डिस्कवर बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीचे, कुलूप असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी, कारण बायॉसमध्ये बदल झाला की ती विचारली जाऊ शकते.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी, मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेटचे झाकण उघडल्यावर आतील काही हाताळण्यापूर्वी धातूच्या सांगाड्याला हात लावावा. सेलच्या कडेला एक लहान पट्टी असते, ती नखाने किंवा प्लास्टिकच्या काडीने बाजूला केली की सेल वर उसळतो; स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, खाच तुटते. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा.

जुना सेल टेबलावर राहू देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. वाचनालयात लहान मुले येतात. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही गंभीर इजा होऊ शकते. त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यावा.

उत्तर : दोन_प्रणाली

हा धागा पुढे इतर कोणी वाचेल म्हणून एक भेद नोंदवतो. घड्याळ काही वर्षांनी नव्हे, तर नेमके साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल बदलण्यात अर्थ नाही. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली, दोन्ही असतील तर असे होते, कारण लिनक्स आतील घड्याळ जागतिक वेळेनुसार वाचते आणि विंडोज ते स्थानिक वेळेनुसार वाचते. अशा वेळी लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्यास सांगावे लागते. विंडोज एकटेच असूनही तास-दीड तासाची स्थिर चूक दिसत असेल, तर टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली हाच निवडला आहे का ते पाहावे.

पुन्हा : ग्रंथसेविका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आम्ही खरोखरच रात्री मुख्य खटका बंद करून जातो. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीतील उपकरणे विजेने जळाल्यापासून कार्यकारी मंडळाने तसा नियमच केला आहे. बायॉसचे फोटो काढले, येथील घड्याळाच्या दुकानातून ४० रुपयांना सेल आणला आणि माझ्या पुतण्याच्या मदतीने बसवला. दुकानदारांनी जुना सेल मीटरवर मोजला तेव्हा २.३ व्होल्ट भरले. आज तिसरा दिवस आहे, रात्री खटका बंद असूनही तारीख बरोबर आहे आणि संकेतस्थळे उघडत आहेत. आता त्या चार दिवसांच्या नोंदी तेवढ्या उरल्या आहेत.

उत्तर : नोंदवही

फारच आनंद झाला. नोंदी सुधारण्यापूर्वी संपूर्ण माहितीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा. त्यानंतर जानेवारी २०१६ ची तारीख असलेल्या नोंदी वेगळ्या काढून त्या नोंद क्रमांकानुसार लावा. तारीख चुकली असली तरी क्रमांक ओळीनेच पडलेले असतात, त्यामुळे कोणती नोंद कोणत्या दिवसाची हे पुस्तकातील चिठ्ठीवरील शिक्क्याशी ताडून ठरवता येईल. खरी तारीख भरली की विलंब आकार आपोआप नाहीसा व्हायला हवा. तो नुसता माफ केला तर हिशोबात माफीची खोटी रक्कम राहील.

आणखी एक गोष्ट तपासा. तुमचा बॅकअप फक्त नव्या तारखेच्या फायली उचलणारा असेल, तर त्या चार दिवसांत जतन झालेल्या फायली जुन्या समजून वगळल्या गेल्या असतील. त्या फायली उघडून एकदा पुन्हा जतन करा, म्हणजे त्यांच्यावर आजची तारीख पडेल आणि पुढच्या बॅकअपमध्ये त्या येतील.