डिलाइट वेगळी, पद्मिनी वेगळी? फियाट क्लबचे गट पाडायचे कशावर?

बोनेटउघडा
आमच्या पुण्यातल्या फियाटवाल्यांच्या क्लबात सध्या याच एका विषयावर जुंपली आहे, म्हणून इथे मांडतो. गाड्या साठेक, व्हॉट्सॲपवर गट पाच: डुक्कर फियाट (म्हणजे १९५० च्या दशकातली गोलसर जुनी फियाट), डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी आणि ११८ एनई. डिकीवर जे नाव, तो गट. प्रेसिडेंटच्या गटात दोनच माणसं, तीही एकमेकांचे साडू.

गेल्या महिन्यात एका डिलाइटवाल्या काकांचा वॉटर पंप गळायला लागला. त्यांनी आपल्या गटात विचारलं. आठ दिवस सामसूम, मग कुणीतरी गुलाबाच्या फोटोसकट शुभ सकाळ टाकलं. इकडे पद्मिनीच्या गटात तिघांकडे नवे कोरे पंप पडून! अहो, १९६४ ला आलेली डिलाइट आणि १९७४ पासूनची पद्मिनी, दोघींत तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगखालचा गिअर. पुढची जाळी बदलली, दिवे बदलले, नाव बदललं. प्रेसिडेंट हे नाव तर जेमतेम वर्ष-दोन वर्षं टिकलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानं पाटी बदलली म्हणून आपण माणसं वेगवेगळ्या पंगतीत बसवायची? माझं मत सरळ आहे: ज्यांचे पार्ट एकमेकांना लागतात, ते एका गटात.

डुक्करप्रेमी
सपशेल असहमत. पूर्वी सगळ्यांचा एकच गट होता, तेव्हाची गोष्ट. माझी गाडी १९५७ ची. आमची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबाला. दार उतरलं की लॉक लागत नाही, चालत्या गाडीत उघडलं तर वारा ते पार मागे फेकतो. म्हणून बिजागरीच्या पिनांबद्दल विचारलं. पहिलं उत्तर काय आलं? "दादा, एसी बसवून घ्या, दारं उघडायचीच नाहीत." त्यावर चाळीस हसरे चेहरे. पद्मिनीवाले चाळीस, आम्ही चार. आमचा प्रश्न दहा मिनिटांत वर वाहून गेला.

दुसरं, 'लागतो' आणि 'आहे' यात फरक आहे. डिलाइटला पद्मिनीची जाळी लावून मिरवणारे मी पाहिलेत. मिस्त्री "बसतंय साहेब" म्हणाला की समजायचं, गाडीचा आणखी एक तुकडा गेला.

बोनेटउघडा
डुक्कर वेगळी ठेवायला माझा कधीच विरोध नव्हता. मी डिलाइट ते पद्मिनी एवढ्याबद्दल बोलतोय. वॉटर पंप बोनेटखाली असतो, तो कुणाला दिसत नाही हो.

पासिंगग्रस्त
दोघांचंही चुकतंय. गट वर्षावर पाडा. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीचे वीस हजार, मुदत दहा वर्षं. तेव्हा १९७४ ची पद्मिनी आणि १९९८ ची पद्मिनी यांचं इंजिन एक असेल, पण मालकांची डोकेदुखी एक नाही. धाकटीला दर पाच वर्षांनी पासिंग आणि वर हरित कर. थोरलीच्या मालकाला गाडी मूळ रूपात आहे हे दाखवायचंय. म्हणजे डुक्करप्रेमींची जाळी आता नुसती हौस राहिलेली नाही, ती कागदावर आली आहे.

डुक्करप्रेमी
वा, कुणीतरी शहाणं भेटलं. पण पन्नाशी दरवर्षी पुढे सरकते. दर जानेवारीत माणसं या गटातून त्या गटात ढकलणार का? शाळा आहे का ही?

एकशेअठरा
पार्टवाल्यांना एक कोडं. माझी ११८ एनई: बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निस्सानचं ११७१ सीसी, गिअर खाली फ्लोअरवर. नाव प्रीमियर. पार्ट बघितले तर मी क्लबातच नको. आता १३७ डी घ्या, म्हणजे डिझेलवाली पद्मिनी. बॉडी पद्मिनीची. बोनेट उघडलं तर आत १३६६ सीसीचं इटालियन डिझेल! तिला कुठे बसवता? अँबेसेडरवाले सुखी, मार्क एक, दोन, तीन करत आकडे लावले की झालं. (तिथेही इसुझू इंजिनाची आली आणि घोळ झालाच म्हणा.)

बोनेटउघडा
१३७ डी चं उत्तर माझ्याकडे नाही, कबूल. पत्र्यासाठी आमच्यात, इंजिनासाठी देवावर हवाला. ११८ मात्र वेगळीच, सॉरी.

काळीपिवळी
वाचत होतो, आता बोलतो. वडिलांची टॅक्सी होती, नंतर खाजगी नोंदणी करून घेतली. बोनेटच्या डाव्या अंगाला मीटरची भोकं आहेत, ती मी मुद्दाम बुजवलेली नाहीत. दोन वर्षांपूर्वी क्लबच्या मेळाव्यात गाड्या गटागटानं लावल्या. पुढे डुक्कर, मग डिलाइट, मग पद्मिनी, आणि आमची पार मागे, स्वच्छतागृहाच्या भिंतीला. म्हणे "टॅक्सी हे मॉडेल नाही." बरोबर, नाहीच. मग पद्मिनीत का नाही लावली? तुम्ही गट म्हणता ना, त्याची रांग कधी होते कळत नाही.

त्याच दिवशी परतताना ताम्हिणीत एका चकचकीत डिलाइटचा क्लच गेला. कुणाला हाक मारली ते सांगत नाही. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्यापिवळ्या पद्मिनी बंद झाल्या, पण ती चालवणारी आणि रस्त्यात खोलून जोडणारी माणसं आहेत अजून. त्यांना कुठल्या गटात घेणार?

पासिंगग्रस्त
+१. भिंतीचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

बोनेटउघडा
काळीपिवळी, त्या दिवशी गाड्या लावणाऱ्यांत मीही होतो. चुकलं.
आता बदललेला प्रस्ताव देतो: प्रश्न विचारायला डिलाइट-प्रेसिडेंट-पद्मिनी एकत्र, टॅक्सीसकट. डुक्कर वेगळी. कागदपत्रांची यादी वर्षानुसार, ती पासिंगग्रस्तांनी सांभाळावी. मेळाव्यात जो आधी येईल तो पुढे.

डुक्करप्रेमी
शेवटचं मान्य नाही. माझी गाडी चाळीसच्या वर पळवली की तापते. मी कायम भिंतीलाच का?

एकशेअठरा
आणि मी?