खालच्या जागेवर फोड आलाय, दुखत नाही, डॉक्टरकडे कधी जायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, मुद्दाम नवीन आयडी काढून विचारतोय, समजून घ्या. वय २९, नाशिकला एमआयडीसीत नोकरी. लिंगाच्या पुढच्या टोकाच्या जरा मागे मसुराच्या दाण्याएवढा एक फोड आलाय. दुखत नाही, खाजत नाही, दाबलं तर पू पण नाही. वरचं साल गेल्यासारखं लालसर दिसतं आणि बोटाला खाली कडक लागतं. दोनेक आठवडे होत आले. आधी वाटलं रेझर लागलं असेल पण तिथे मी रेझर फिरवतच नाही. मेडिकलवाल्याला जांघेत खाज आहे असं सांगून एक ट्यूब आणली, लावतोय, फरक काहीच नाही. साधारण महिना सव्वा महिन्यापूर्वी एका मैत्रिणीशी संबंध आला होता, कंडोम नव्हता. घरी स्थळं बघणं चालू आहे त्यामुळे डोकं अजूनच फिरलंय. दुखत नाहीये तर अजून थोडं थांबावं का? आणि जायचं तर कोणाकडे, आमचे फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र आहेत, तिथे जाणं शक्यच नाही.

ओपीडी_नंबर_९
स्किनमध्ये एमडी करतोय, सरकारी हॉस्पिटलला रोज असे पेशंट बघतो. न बघता, हात न लावता निदान सांगणार नाही आणि प्लीज फोटो इथे टाकू नका. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावर "थांबा" असं मी तरी म्हणणार नाही. एकच फोड, साल गेलेलं, बूड कडक, दुखणं शून्य, आणि संबंधानंतर काही आठवड्यांनी आलेला, असं असलं की आम्ही सगळ्यात आधी सिफिलिस (संबंधातून पसरणारा एक गुप्तरोग) नाही ना ते बघतो. त्याची जखम साधारण ३ आठवड्यांनी येते, कधी १० दिवसांत तर कधी ९० दिवसांपर्यंत, आणि ती बहुतेकदा दुखतच नाही. गोची पुढे आहे. ३ ते ६ आठवड्यांत ती काही न करता आपोआप भरून येते, माणूस सुटलो म्हणून गप्प बसतो आणि जंतू शरीरात तसाच राहतो. मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी अंगावर, तळहात तळपायावर चट्टे येतात आणि उपचारच नाही झाले तर वर्षांनंतर मेंदू, डोळे, हृदयापर्यंत जाऊ शकतं. सुरुवातीलाच पकडलं तर मात्र बेन्झाथिन पेनिसिलिनच्या एकाच डोसने बहुतेकांचं काम होतं. म्हणून दुखत नाही हे थांबायचं कारण धरू नका, उलट न दुखणारी जखम लवकर दाखवा.

रक्ताची व्हीडीआरएल किंवा आरपीआर (सिफिलिस ओळखायची टेस्ट) करतील, सोबत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी. अगदी सुरुवातीला टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी परत बोलावलं तर टाळू नका.

ती ट्यूब आजच बंद करा. जांघेच्या खाजेला म्हणून काउंटरवर जे देतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र असतं. लाली दबते, फोडाचं रूप बदलतं आणि आम्हाला ओळखणं अवघड होऊन बसतं. फेकू नका पण, येताना सोबत आणा, आत काय आहे ते बघता येतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, तिथला प्रत्येक फोड रोग नसतो हेही तितकंच खरं. टोकाच्या कडेने ओळीत बारीक एकसारखे दाणे असतात ते निसर्गतः असतात, त्वचेखाली पिवळट बारीक ठिपके म्हणजे तेलग्रंथी, शेव्हिंगनंतर केसाच्या मुळाशी येणारी पुळी आठवड्याभरात बसते. मधोमध खळगा असलेले चकचकीत दाणे, वाढत जाणारे मऊ कोंब, पुन्हा पुन्हा येणारे दुखरे पाण्याचे फोड, रात्री खाजणाऱ्या आणि घरात इतरांनाही असणाऱ्या गाठी (ही बऱ्याचदा खरूज असते), हे मात्र दाखवायचंच.

रानजाई
बायकांचं पण लिहिते कारण आपल्यात कोणी बोलतच नाही. मला योनीच्या तोंडाशी एका बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती, आधी नुसती लागायची, मग इतकी ठणकायला लागली की बसवेना, बसचा प्रवास उभ्याने करायचे. मनात नको नको ते येत होतं. गायनॅककडे गेले तर तिने बघताक्षणी सांगितलं बार्थोलिन ग्रंथीचं तोंड बंद होऊन आत पू झालाय, छोटा चिरा देऊन काढला, त्याच रात्री शांत झोपले. हा संसर्ग संबंधातूनच येतो असंही नसतं, हे तिनेच नवऱ्यासमोर स्पष्ट सांगितलं ते फार बरं केलं. आणि चाळिशीनंतर अशी नवीन गाठ आली तर दुखो न दुखो तपासून घ्यायचीच म्हणाली. गरोदर असाल आणि तिथे जखम दिसली तर एक दिवस पण घालवू नका, बाळाला धोका असतो.

समुपदेशक_ताई
गोदाकाठ दादा, तुम्हाला आजारापेक्षा कोणाला कळेल याची धास्ती जास्त आहे असं वाटतंय, म्हणून तेवढंच सांगते. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजला "सुरक्षा क्लिनिक" असतं, तिथे हेच काम चालतं. केसपेपर काढायचा, आत समुपदेशक एकट्याशी बोलतात, दार लावून. मग डॉक्टर तपासतात, तपासणी आणि औषधं मोफत, औषधांचे रंगावरून ओळखायचे किट असतात. एचआयव्हीची टेस्ट आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे तुमच्या परवानगीशिवाय रिपोर्ट घरी कोणाला सांगता येत नाही. जवळचं केंद्र विचारायला १०९७ वर फोन करा, टोल फ्री आहे. खाजगीत जायचं तर स्किनचे एमडी किंवा डीव्हीडी (त्वचा आणि गुप्तरोगाचा डिप्लोमा) झालेले डॉक्टर बघा. स्टँडबाहेरच्या भिंतीवर "गुप्तरोग शर्तिया इलाज" लिहिलेलं असतं तिथे कृपा करून जाऊ नका, पुड्या आणि बाटल्या घेऊन महिनोन्महिने फिरलेली पोरं शेवटी आमच्याकडेच येतात, तोवर आजार पुढे गेलेला असतो. आणि काही निघालं तर त्या मैत्रिणीला सांगावं लागेल, तिलाही तपासायला हवं. कसं सांगायचं ते क्लिनिकमध्ये बोलता येईल, एकट्याने निस्तरायची गरज नाही.

गोदाकाठ
खूप आभार सगळ्यांचे, खरंच मोकळं वाटलं. ट्यूब बंद केली. सोमवारी सुट्टी टाकून सिव्हिलला जातो. तोपर्यंत दोन दिवस चालेल ना?

ओपीडी_नंबर_९
सोमवार चालेल. फोड दाबू खरवडू नका, नुसत्या पाण्याने धुवा, डेटॉल, चुना, लिंबू काही नको, आणि तोवर कोणाशीही संबंध नको. मधे ताप आला, सूज किंवा लाली तासातासाला पसरायला लागली, त्वचा काळी पडली, मागे गेलेली कातडी पुढे येईना किंवा लघवी अडली तर सोमवारची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी. शुगर असेल तर याबाबत अजून सावध राहा. जाताना शेवटचा संबंध कधी आला ती तारीख आठवून ठेवा, सगळ्यात आधी तेच विचारतील.