अँकर बरळला नोएडात, गुन्हा हिंगोलीत: पटतं का?

गोदाकाठ (नांदेड)

कल्पनेतलंच एक वाक्य घेऊ. रात्री नऊच्या चर्चेत अँकर ओरडतो, "मराठवाड्याला दुष्काळ नाही, कर्जमाफीची चटक लागलीय." डोकं सणकणार, सगळ्यांचंच. पुढचं वेळापत्रकही ठरलेलं: सकाळी तहसीलदारांना निवेदन, दुपारी चौकात फोटोला जोडे, संध्याकाळपर्यंत हिंगोली, परभणी, बीडच्या ठाण्यांत अर्ज. प्रत्येक अर्जाचं पहिलं वाक्य एकच, "आमच्या भावना दुखावल्या."

माझं म्हणणं सरळ आहे. असल्या वाक्यावर एकही गुन्हा नोंदवू नये. वाक्य माजोरडं आहे, अर्धवट माहितीचं आहे, पण गुन्हा नाही.

राज्यघटनेचं कलम १९(२) उघडून बघा. बोलण्यावर बंधन घालायची कारणं तिथं मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. भावनांचं नाव त्यात नाही. जुनं २९५-अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं २९९, हे १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात टिकलं ते सुव्यवस्थेच्या खुंटीवर. तिथंही अट आहे की धर्माचा अपमान जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेला हवा. २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ रद्द करताना कोर्टानं तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी. कायद्याचा हात तिसरीला लागतो. "चटक लागलीय" ही फार तर दुसरी.

ज्वारीचं कणीस (परभणी)

गोदाकाठ भाऊ, न्याय संहितेचं कलम १९६ कामून गाळलं? सोयीचं नव्हतं म्हणून? त्यात धर्म, वंश, भाषा, जात यांच्या जोडीला जन्मस्थान आणि वास्तव्यसुद्धा लिहिलेलं आहे. मराठवाड्यात राहणाऱ्यांबद्दल द्वेष पसरवला तर ते कलम लागू शकतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्याचं बोलणं आणि अँकरचं बोलणं एका तराजूत तोलू नका. टीव्ही अँकर अमिश देवगण यांचं प्रकरण आठवा. जून २०२० मधल्या चर्चेत त्यांनी ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्याबद्दल "लुटेरा" हा शब्द वापरला. नंतर म्हणाले, मला खिलजी म्हणायचं होतं, चुकून तोंडून गेलं, आणि दिलगिरीही व्यक्त केली. महाराष्ट्र, राजस्थान, तेलंगणात गुन्हे दाखल झाले. ते रद्द करा म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ डिसेंबर २०२० च्या निकालात कोर्टानं गुन्हे रद्द केले नाहीत. उलट सांगितलं की नुसते शब्द बघून भागत नाही. बोलणारा कोण, ऐकणारे कोण, प्रसंग कोणता, परिणाम काय होऊ शकतो, हे सगळं बघायचं. ज्याच्या शब्दाला वजन, त्याची जबाबदारी जास्त.

आपल्याकडं तर हे शिकवायची गरजच पडू नये. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. त्यानं आधी हातात काय घेतलं, बंदूक की भाषण, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा.

गोदाकाठ

१९६ गाळलं नाही, पुढच्या प्रतिसादासाठी ठेवलं होतं. त्या कलमाला दोन गट लागतात, आणि त्यांच्यात वैर पेरलं जायला हवं. एकाच गटाला नावं ठेवली आणि दुसरा गट चित्रातच नाही, तर जुन्या १५३-अ खाली, म्हणजे याच कलमाच्या आधीच्या रूपाखाली, गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच म्हटलंय. "चटक लागलीय" मध्ये दुसरा गट दाखवा.

देवगण निकालाचा अर्धाच भाग सांगितलात. कोर्टानं सगळे गुन्हे एकत्र करून अजमेरला पाठवले आणि तपासाला सहकार्य करत असतील तोवर अटकेपासून संरक्षण दिलं. एका प्रसंगाचा एकच गुन्हा, हे २००१ पासून ठरलेलं आहे. मग हिंगोलीत, परभणीत आणि बीडमध्ये वेगवेगळे अर्ज कशासाठी? तारखांना पळवण्यासाठीच ना? खटला उभा राहायच्या आधीच प्रवास आणि वकिलाची फी ही शिक्षा सुरू होते.

रझवीचं म्हणाल तर त्याच काळातलं दुसरं नावही घ्या. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना मारलं, कारण रझाकारांविरुद्धची त्यांची मतं रझाकारांना सहन होत नव्हती. निजामाच्या राज्यात साधी सभा घ्यायची तर आधी परवानगी, ती गश्ती निशान ५३ खाली. कोणाच्या भावना दुखावतील हे ठरवायचा अधिकार सरकारकडं गेला की काय होतं, हेही आपल्याच घरातलं आहे.

पीसीआरवाला (छ. संभाजीनगर)

दोघंही कलमं सांगताय, पण पडद्यामागचं यंत्र कुणी सांगत नाही. चर्चेच्या कार्यक्रमात अँकरचं तोंड हा शेवटचा भाग असतो.

विषय ठरतो दुपारच्या बैठकीत. गेस्ट को-ऑर्डिनेशनवाले मुद्दाम दोन टोकाची माणसं शोधतात. समजुतीनं बोलणारा अभ्यासक मिळाला तरी त्याची खिडकी कोपऱ्यात. पाहुणे व्हिडिओ कॉलवर. प्रत्येकाचा आवाज कंट्रोल रूममधल्या (म्हणजे पीसीआरमधल्या) मिक्सरवर वेगळ्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर, येतो. पाहुणा मुद्द्यावर आला की फेडर दोन बोटं खाली ओढला जातो. घरी बसलेल्याला दिसतं की माणूस ओठ हलवतोय आणि अँकर म्हणतोय, "उत्तर द्या, गप्प का?" अँकरच्या कानातल्या इअरपीसमध्ये प्रोड्यूसर बोलत असतो: "आता याला धर", "ब्रेकला चाळीस सेकंद".

आणि ते प्रश्नचिन्ह! पडद्याच्या खालच्या पट्टीला, म्हणजे अॅस्टनला, "मराठवाड्याला फुकटाची चटक?" असं लिहायचं. विधान कुणी केलंच नाही, प्रश्न विचारला. वकिलानं विचारलं तर प्रश्न, प्रेक्षकानं वाचलं तर विधान. टिकर, हॅशटॅग, यूट्यूबचं थंबनेल, सगळीकडं तेच.

म्हणून एकट्या अँकरवर गुन्हा टाकला की वाहिनीला बरंच वाटतं. तो चार दिवस सुट्टीवर जातो, खुर्चीत दुसरा बसतो, रनडाऊन, म्हणजे कार्यक्रमाचा आराखडा, तोच.

काळा कोट (लातूर)

रागाच्या भरात ठाण्यात जाणाऱ्यांसाठी सरळ वाट सांगतो. बहुतेक तक्रारी मजकुरामुळं पडत नाहीत, कागदामुळं पडतात.

केबल टेलिव्हिजन नियमांत जून २०२१ पासून तीन पायऱ्या आहेत. पहिली, वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. त्यांनी २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडं अपील. तिला ६० दिवस. तिथूनही नाराज असाल तर परत १५ दिवसांत केंद्र सरकारकडं.

चुकतं कुठं? एक, मुदत. वृत्तवाहिन्यांची जुनी संस्था एनबीडीएसए. तिच्या नियमानुसार वाहिनीकडं तक्रार प्रसारणापासून सात दिवसांत जायला हवी. आपले लोक आधी मोर्चा काढतात, मग शिष्टमंडळ, आठव्या दिवशी पत्र. दोन, पत्ता. सगळ्या वाहिन्या एकाच संस्थेत नाहीत. सदस्यत्व न बघता पाठवलेला कागद परत येतो. तीन, पुरावा. व्हॉट्सअॅपवर आलेली तीस सेकंदांची क्लिप जोडतात, आणि त्यावर ना वाहिनीचं नाव, ना तारीख. अर्जात तारीख, प्रसारणाची वेळ, कार्यक्रमाचं नाव, कितव्या मिनिटाला कोणतं वाक्य, ते शब्दशः लिहा आणि कार्यक्रम संहितेतला, म्हणजे नियम ६ मधला, कोणता भाग मोडला ते सांगा. "निषेध" हा शब्द काढून टाकला तरी चालतो. वाहिनीला प्रसारणाचं रेकॉर्ड ९० दिवस ठेवावं लागतं, म्हणून पूर्ण चित्रफीत जपून ठेवा अशी मागणी पहिल्याच पत्रात करा.

कोर्टात जायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ ज्याच्याकडं फाईल आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा. फाईल फॉरवर्ड केली, थोडी कापली, की हॅश बदलली. मूळ फाईल ज्या मोबाईलवर उतरवली तो मोबाईल विकू नका. हसू नका, असंही होतं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संनियंत्रण समितीची तरतूद आहे, पोलीस अधीक्षक आणि महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांसह. तिचा हात गावच्या केबलवाल्याच्या स्थानिक वाहिनीपर्यंत पोचतो. उपग्रह वाहिनीबद्दल ती फक्त वर कळवू शकते. हे माहीत नसल्यानं तिथं अर्ज देऊन लोक महिनोन्महिने वाट बघतात.

ज्वारीचं कणीस

वकीलसाहेब, वाट दाखवलीत, धन्यवाद. पण वाटेच्या शेवटी काय मिळतं तेही सांगा ना. त्या स्वनियमन संस्थेचा कमाल दंड २०२३ मध्ये १ लाख होता! ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं की एवढ्या दंडानं वाहिनीला काय फरक पडणार, दंड तिच्या कमाईच्या प्रमाणात हवा. १ लाख म्हणजे मार्केट यार्डात फार तर एका ट्रॉलीची सोयाबीनची पट्टी. तेवढ्यात आख्ख्या मराठवाड्याला शिव्या देता येत असतील तर सौदा स्वस्तच आहे.

कोर्टाला गरज वाटली तेव्हा त्यानं कार्यक्रम थांबवलासुद्धा. १५ सप्टेंबर २०२० ला सुदर्शन न्यूजवरच्या, प्रशासकीय सेवेत मुस्लिम "घुसखोरी" करतात असं सांगणाऱ्या मालिकेचे उरलेले भाग रोखले. एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा. "एकही गुन्हा नको" हे कोर्टालासुद्धा मान्य नाही.

गोदाकाठ

सुदर्शनचं उदाहरण मला मान्य आहे. तिथं दुसरा गट होता, त्याच्यावर कटाचा आरोप होता, आणि तोच आरोप पुढच्या भागांतून चालणार होता. मी "असल्या वाक्यावर" म्हटलं होतं, "कोणत्याच वाक्यावर" नाही. अँकर उद्या म्हणाला, "अमुक लोकांच्या दुकानातून माल घेऊ नका, ते तुमच्या लेकरांना विष घालतात", तर कलम १९६ लावा. मी वर्गणी देईन.

पण एकदा धारदार केलेलं हत्यार कोणावर चालतं ते बघा. नोएडाच्या अँकरकडं वकिलांची फौज असते. तालुक्याला मोबाईल आणि बूम घेऊन फिरणारा पोर्टलवाला पोरगा, जो टँकरच्या फेऱ्या मोजतो आणि पीक विम्याच्या यादीतली गडबड वाचून दाखवतो, त्याच्याकडं काय असतं? "पुढाऱ्याबद्दल बोलून समाजाच्या भावना दुखावल्या" हा अर्ज त्याच्यावर तासाभरात तयार होतो.

म्हणून कवी-खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२५ चा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बीएनएसएसच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम १७३(३) नुसार उपअधीक्षकाच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारीत तिचा आधी विचार करा, असं कोर्टानं सांगितलं. आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो कणखर मनाच्या माणसाच्या मापानं, टीका ऐकली की डळमळणाऱ्याच्या नाही. हे माप नागपूरचं आहे बरं का; न्या. व्हिव्हियन बोस यांनी चाळीसच्या दशकात तिथल्या उच्च न्यायालयात घालून दिलेलं.

काळा कोट

त्यात एक जोडा. १९६ किंवा २९९ खाली दोषारोपपत्र तयार झालं तरी सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही, बीएनएसएसचं कलम २१७. ती मंजुरी कुठल्या टेबलावर अडते आणि कुठल्या टेबलावर धावते, हे इथं सगळ्यांना कळतं.

पीसीआरवाला

इंग्लंडचा दाखला या वादात उपयोगी आहे. मार्च २०२१ मध्ये अँकर पीअर्स मॉर्गन यांनी सकाळच्या कार्यक्रमात राजघराण्याच्या सून मेगन मार्कल यांच्या मानसिक त्रासावर अविश्वास दाखवला. ऑफकॉम या नियामकाकडं ५७ हजारांवर तक्रारी गेल्या. सप्टेंबरमध्ये ऑफकॉमनं कार्यक्रमाला दोषमुक्त केलं. का? तक्रारींची संख्या बघितली नाही. बघितलं ते हे, की त्याच कार्यक्रमात बाकीच्यांनी त्यांना तोंडावर पुरेसं खोडून काढलं होतं का. काढलं होतं. मॉर्गन तोवर कार्यक्रम सोडून गेले होते, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे तिथं प्रश्न माझ्या फेडरचाच झाला. मत कितीही वंगाळ असू दे, समोरच्याचा आवाज चालू होता का? तक्रारीत हेच लिहा: पाहुण्याला किती वेळा बोलायला दिलं, कितव्या सेकंदाला आवाज बंद झाला, अॅस्टनवर त्या वेळी काय होतं. अपमान सिद्ध करत बसण्यापेक्षा हे मोजणं सोपं आहे.

ज्वारीचं कणीस

मोजू की. पण निकाल लागल्यावर ती स्वनियमन संस्था बहुतेक वेळा काय करायला लावते? व्हिडिओ संकेतस्थळावरून आणि यूट्यूबवरून काढा, सात दिवसांत. तोवर ती क्लिप वसमतच्या, गेवराईच्या, औशाच्या प्रत्येक ग्रुपात जाऊन बसलेली असते. ती कोणत्या पायरीवर काढायची, वकीलसाहेब?

काळा कोट

त्याला पायरी नाही. म्हणूनच म्हणतो, सातव्या दिवसाची वाट बघू नका. पहिलं पत्र त्याच रात्री ईमेलनं पाठवा, मोर्चा सकाळी काढा.