विषय: फराळाला माणसं किती लागतील? आणि पडलेलं कुंपण

प्रेषक: स्लावकर

नमस्कार मंडळी,

दोन प्रश्न आहेत, दोन्ही घरचेच, म्हणून एकाच मेलमध्ये.

माझा फराळाचा छोटा व्यवसाय या लिस्टवरच्या इंग्लंडातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे (काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, नोंदणी केलेली आहे, किचनला हायजीनचे पाचपैकी ५ मिळालेत). यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, आणि १२० डब्यांची मागणी आत्ताच आली आहे. डब्यात चकली, चिवडा, शंकरपाळे, शेव पाव-पाव किलो, शिवाय सहा करंज्या आणि सहा बेसनाचे लाडू. आजवर मी आणि एक मैत्रीण, एवढ्यावर भागत होतं. यंदा युनिव्हर्सिटीतल्या चार मुली मदतीला घ्याव्यात असं चाललंय. ओळखीतल्याच आहेत. चार पुरतील का? आणि तासाचे काय द्यायचे?

दुसरं म्हणजे परवाच्या वाऱ्यात मागच्या बागेतलं डावीकडचं कुंपण आडवं झालं. तीन पॅनल आणि एक खांब. शेजारचे आजोबा म्हणतात, डावं ते तुमचं, तुम्हीच बसवा. नवऱ्याचं म्हणणं, निम्मे-निम्मे करू. इथे नियम काय आहे?

– स्लावकर

प्रेषक: रेडिंगकर

ताई, डावीकडचं कुंपण आपलं, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या गल्लीत तसंच चालतं. आणि मुलींना रोख देऊन मोकळ्या व्हा. महिनाभराच्या कामासाठी पगारपत्रक कुठे करत बसता!

– रेडिंगकर

प्रेषक: हॅरोची काकू

अगं स्लावकर,

रोखीच्या भानगडीत पडू नकोस, का ते खाली सांगते. आधी माणसं मोजणं सोड आणि शेगड्या मोज.

तुला तीस किलो चकली करायची आहे. घरच्या कढईत तासाला दीड किलो निघाली तर डोक्यावरून पाणी. म्हणजे वीस तास एक कढई नुसत्या चकलीला अडकली. तिथे एकीने सोऱ्या धरायचा, एकीने तळायचं. तिसरी आली तर ती गप्पा मारणार आणि तिच्या गप्पांचे पैसे तू देणार. शिवाय चकलीचं पीठ भिजवून ठेवलं की बिघडतं, दोन-तीन घाण्यांपुरतंच भिजवायचं असतं. मोहन किती, पाणी किती, हे नवख्या मुलीला शिकवण्यात तुझी आख्खी दुपार जाईल. चकली-शेव तू आणि तुझी मैत्रीण, दुसऱ्या कुणाचा हात त्याला लावू नका.

करंजीचं गणित उलटं. ७२० करंज्या! लाटायच्या, भरायच्या, कडा दाबून कातणं फिरवायचं. सराईत हात तासाला पंचवीस करतो. साधारण २९ तासांचं काम, आणि शेगडी लागते ती शेवटी. दोघींत वाटलं तर प्रत्येकी पंधरा तास. म्हणून दोन मुली बस झाल्या, त्याही करंज्यांच्या आठवड्यालाच. बेसन भाजायला तू, लाडू वळायला त्या. (सारण सुक्या खोबऱ्याचंच ना? ओल्या नारळाच्या करंज्या डब्यात घालायच्या नाहीत, कुणी कितीही आग्रह केला तरी.)

आता पैसे. २१ वर्षं आणि वरच्यांना यंदाच्या एप्रिलपासून तासाला किमान १२.७१ पौंड, १८ ते २० वयाला १०.८५. त्यावर सुटीचे १२.०७ टक्के. तास कमी-जास्त होणाऱ्या माणसाला ते पगाराबरोबरच देता येतात, पण पे-स्लिपवर वेगळे दिसले पाहिजेत. म्हणजे १२.७१ ची मुलगी तुला १४.२४ ला पडते. डब्याची किंमत लावताना हा आकडा धर. एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स (मालकाने सरकारला भरायची वर्गणी) आठवड्याच्या ९६ पौंडांवरच्या पगाराला १५ टक्के लागतो खरा, पण एम्प्लॉयमेंट अलाउन्स मागितलास तर वर्षाला १०,५०० पर्यंत सूट आहे. कंपनी असेल आणि पगारावर तू एकटीच डायरेक्टर असशील तर ती मिळत नाही, तेवढं अकाउंटंटला विचार. मुलींना पेन्शन योजनेत घेणं तीन महिने पुढे ढकलता येतं, मात्र तसं पत्र मुलींना द्यावं लागतं.

रोख का नको? मुली स्टुडंट व्हिसावर असणार. डिग्रीच्या मुलांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, आणि तेही सगळ्या नोकऱ्या मिळून. सुपरमार्केटात बारा तास करणारी मुलगी तुझ्याकडे पंधरा करू शकत नाही. तिचा व्हिसा धोक्यात येतो. त्यांना स्वतःचा धंदा करायचीही परवानगी नसते, त्यामुळे 'तू मला बिल दे' ही पळवाटही बंद. कामाच्या पहिल्या दिवसाआधी शेअर कोड (काम करायचा हक्क सरकारी साइटवर दाखवणारा नंबर) घेऊन तपासणी कर आणि त्याची प्रत ठेवून दे. हक्क नसलेलं माणूस कामावर सापडलं तर पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे, आणि 'आमच्या ओळखीतली आहे हो' हे तिथे कुणी ऐकत नाही. विमाही हवा, एम्प्लॉयर्स लायबिलिटीचा (कामावरच्या माणसाला इजा झाली तर), किमान ५० लाख पौंडांचा. नसेल तर दिवसाला २,५०० पर्यंत दंड. घराच्या विम्यात तो धरलेला नसतो आणि तुझ्याकडे उकळतं तेल आहे.

त्यापेक्षा याच लिस्टवर विचार ना. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना इथे तासांची मर्यादा नाही. घरी बसून कंटाळलेल्या कितीतरी जणी आहेत, आणि त्यांना करंजी शिकवावी लागणार नाही.

– हॅरोची काकू

प्रेषक: मिल्टन कीन्सकर

काकूंनी पगाराचं सांगून टाकलंय, मी कुंपणाचं बघतो. कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीच्या कागदपत्रांच्या, ऑफिसात दिवसभर हेच करतो, तेव्हा माफ करा, थोडं लांबेल.

रेडिंगकर, डावं-उजवं असा कुठलाही नियम इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात नाही. ज्याच्या त्याच्या डीडमध्ये (घराच्या खरेदीखतात) असेल ते खरं. आधी लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवरून टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि टायटल प्लॅन (हद्दीचा नकाशा) काढा, ७-७ पौंड पडतात. (त्याच कागदाचे चौपट घेणाऱ्या साइट्स सर्चमध्ये वर दिसतात, तिकडे जाऊ नका.) प्लॅनवर हद्दीला चिकटून इंग्रजी टी अक्षरासारखी खूण आहे का बघा. टी ज्याच्या बाजूला, कुंपण बहुधा त्याचं. दोन टी पाठीला पाठ लावून एचसारखे दिसत असतील तर दोघांचं. प्लॅनवर खूण नसली तर हताश होऊ नका, ती बऱ्याचदा घर पहिल्यांदा विकलं तेव्हाच्या जुन्या डीडवर असते. रजिस्टरमध्ये तशा डीडची नोंद 'फाइल्ड' म्हणून असेल तर त्याचीही प्रत मिळते.

एक गोष्ट मात्र करू नका. प्लॅनवरच्या हद्दीच्या लाल रेघेवर पट्टी ठेवून 'बघा, तुमचं कुंपण चार इंच आत आलंय' असं आजोबांना सांगायला जाऊ नका. शहरातला प्लॅन साधारण १:१२५० चा असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सव्वा मीटर. रेघेची जाडीच फूट-दोन फूट भरते. आणि २००२ च्या जमीन नोंदणी कायद्यानेच ती हद्द 'साधारण' मानली आहे, वेगळी ठरवून घेतली नसेल तर.

कुंपण आजोबांचं निघालं तरी ते बसवायची सक्ती त्यांच्यावर नाही, डीडमध्ये तशी अट असेल तरच. तुम्ही आपल्या जमिनीवर, हद्दीच्या आत, स्वतःचं लावू शकता. मागच्या बागेत दोन मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. समोर गाड्यांच्या रस्त्यालगत एक मीटर. त्यांच्या कुंपणाला मात्र न विचारता खिळासुद्धा मारता येत नाही, आकाशकंदिलाचा धरून. विम्याचं म्हणाल तर वादळाने पडलेलं कुंपण अनेक पॉलिशांमध्ये वगळलेलं असतं, एकदा वाचून घ्या.

आणि भांडू नका. घर विकताना टीए६ फॉर्ममध्ये (विकणाऱ्याने घराची माहिती भरून द्यायचा फॉर्म) शेजाऱ्यांशी वाद आहे किंवा होता का, हे लिहून द्यावं लागतं. तीन पॅनलच्या भांडणापायी गिऱ्हाईक बिचकलेलं मी पाहिलंय. तुमच्या बाबतीत तर घरात धंदा आहे. तळणीचा वास आणि दारातल्या गाड्या यांची तक्रार काउन्सिलकडे कोण करू शकतं, ते सांगायला नको.

– मिल्टन कीन्सकर

प्रेषक: स्लावकर

काकू, मिल्टन कीन्सकर, दोघांचे मनापासून आभार.

प्लॅन काढला, जुना डीडही मागवला. कुठेच टी नाही. मग ते कागद घेऊन आजोबांकडे गेले. त्यांनीही डावं-उजवं त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, कागद कधी बघितला नव्हता. आता खर्च निम्मा-निम्मा, खांब सिमेंटचे, पूर्वीच्याच भोकांत. कुंपण दोघांचं आणि यापुढची दुरुस्ती दोघांची, असं एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. मिल्टन कीन्सकर, पुढच्या मालकाला ते बांधील राहील का, तेवढं सांगा.

आजोबांनी एकच अट घातली: कामाच्या दिवसांत त्यांच्या ड्राइव्हसमोर गाडी नको. म्हणून येणाऱ्या दोघींनी बसने यावं, ८१ नंबर जवळच थांबते.

करंज्यांचं काम २ ते ६ नोव्हेंबर, सकाळी दहा ते एक, तासाला १२.७१ अधिक सुटीचे. कातण्याने कडा कापता येत असतील आणि काम करायचा हक्क असेल तर मला वेगळं लिहा, लिस्टवर नको. शेअर कोड ऑक्टोबरमध्येच लागेल. चकलीला माणूस नकोय.

– स्लावकर