फुल मॅरेथॉनचा सराव : आठवड्यातली मधली लांब धाव कुठे बसवायची? (डोंबिवली ते फोर्ट)

पहाटवारा :

नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन धावायची आहे. हाफ बऱ्याच झाल्या, फुल पहिलीच. वय ४३. राहते डोंबिवली पूर्वेला, नोकरी फोर्टात बँकेत. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई.

जे वेळापत्रक उघडावं त्यात आठवड्याच्या मध्ये १४ ते १६ किलोमीटरची एक धाव असते. रविवारचा लाँग रन आमच्या ग्रुपबरोबर व्यवस्थित होतो. मंगळवारचे सहा-सात किलोमीटर घराजवळ उरकतात. अडतं ते गुरुवारी.

आरामात धावताना माझा पेस साडेसातचा (किलोमीटरला साडेसात मिनिटं), म्हणजे सोळा किलोमीटरला दोन तास. पावणेआठच्या आसपासची फास्ट पकडायची, त्याआधी तिघांचे डबे. तेव्हा साडेतीनला उठून चारला रस्त्यावर उतरावं लागेल. नाइन्टी फीट रोडला त्या वेळी चिटपाखरू नसतं, असतात ती कुत्री, आणि तीही टोळीनं. ग्रुपमधलं कुणी मधल्या वारी इतक्या लवकर येत नाही. एकटीनं त्या अंधारात धावायची माझी तयारी नाही, त्यामुळे ‘होईल सवय’ असं कृपया सांगू नका.

दुसरा पर्याय ऑफिस सुटल्यावर मरीन ड्राइव्ह. पण मग घामानं चिंब होऊन लेडीज डब्यात शिरायचं? सव्वा तास बायका एकमेकींना चिकटून उभ्या असतात. सोमवारी तर रविवारच्या धावेनं पोटऱ्या भरलेल्या असतात आणि मी दादरपासूनच विचारत सुटते, ‘ठाणे कोणी आहे का, ठाणे?’ एखादी मान डोलावते, तिच्या गुडघ्यापाशी उभं राहायचं, आणि ठाण्याला ती उठली की डोंबिवलीपर्यंत बसायला मिळतं. तेवढ्यानंही पाय सुटतात. गुरुवारी धावून आल्यावर त्या गर्दीत उभं राहणं झेपेल का, आणि घरी दहा वाजता पोचून शुक्रवारी पाचला उठणं जमेल का, हे तसं करणाऱ्यांकडून ऐकायचं आहे.

ही धाव सोडून दिली तर चालेल का, हाही प्रश्न आहेच. मला नुसती वेळेत रेषा ओलांडायची नाही. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर उलटल्यावर पेडर रोडचा चढ येतो. तिथे चालायची वेळ येऊ नये, इतकी तयारी मनापासून करायची आहे.

तिसरीघंटा :

ताई, मी बदलापूरची, ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. गेली काही वर्षं गुरुवारची धाव संध्याकाळीच करते.

पहिलं काम, ऑफिसात आंघोळीची सोय कुठे आहे ते शोधा. जुन्या इमारतींत एखाद्या मजल्यावर सुरक्षारक्षकांसाठी न्हाणीघर असतं, बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. प्रशासनाकडे रीतसर विचारा. बादली, मग आणि कडी लागणारं दार एवढं पुरतं. धाव ऑफिसपासून सुरू करून ऑफिसातच संपवायची, आंघोळ करून कोरड्या कपड्यांत गाडीला यायचं. ओले कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. बुटांसाठी रद्दीचा पेपर ठेवा, घरी पोचेपर्यंत तो निम्मं पाणी ओढून घेतो.

अंतर सोळा नको, तेराच्या आसपास ठेवा. मरीन ड्राइव्हच्या एनसीपीए नाट्यगृहाकडच्या टोकापासून गिरगाव चौपाटी आणि परत अशा दोन फेऱ्या केल्या की तेवढं होतं. साडेसहाला निघालात तर सव्वाआठपर्यंत हातपाय धुवायला मोकळ्या. समुद्राच्या बाजूनं धावा. कट्ट्यावर लोक पाय सोडून बसलेले असतात, पण ती रांग एका जागी असते. आतल्या बाजूला सेल्फीवाले आणि फुगेवाले अचानक आडवे येतात.

आणि आठ-साडेआठनंतरची गाडी सहाच्या गाडीपेक्षा पुष्कळ बरी असते. सीएसएमटीला चढत असाल तर एखादी फास्ट सोडा, फलाटावर पुढच्या गाडीसाठी आधी उभ्या राहा, चौथी सीट तरी मिळेलच. त्या दहा-पंधरा मिनिटांत केळं आणि शेंगदाण्याची चिक्की खाऊन घ्या, घरी जाऊन जेवेपर्यंत थांबू नका.

शुक्रवारी गजर लावायचा नाही. डबे त्या दिवशी नवऱ्यानं करायचे. हे आमच्याकडे वाद न होता ठरलं, कारण मी आठवड्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं आणि शुक्रवारच्या चौकोनात त्याचं नाव त्यालाच लिहायला सांगितलं.

येऊरकर :

मी मुलुंडचा, पासष्टी ओलांडली आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, गुरुवारची धाव पूर्ण सोडू नकोस. रविवारच्या एकाच लांब धावेवर फुल निघते, पण शेवटच्या दहा किलोमीटरात त्याची किंमत वसूल केली जाते. मधली धाव थकल्या पायांनी धावायला शिकवते. ज्या आठवड्यात ऑफिस उशिरा सुटेल त्या आठवड्यात सकाळी सहा आणि संध्याकाळी सात अशी फोड कर. सलग धावेइतका उपयोग होत नाही, तरी होतो. मात्र झोप सहा तासांखाली सलग दोन रात्री गेली, तर तिसऱ्या दिवशीची धाव बिनदिक्कत खोडून टाक. नोकरी आणि लोकल सांभाळून धावणारी माणसं किलोमीटर कमी पडले म्हणून फारशी मोडत नाहीत, झोप कमी पडली म्हणून मोडतात. ग्रुपमधली कितीतरी पोरं डिसेंबरात नडगीचं दुखणं घेऊन बसलेली मी पाहिली आहेत, आणि विचारलं की बहुतेक वेळा झोपेचाच हिशेब चुकलेला निघतो.

दोन, पेडर रोडची धास्ती घेतली आहेस ती रास्त आहे. तो चढ तसा फार उभा नाही, पण येतो अशा वेळी की पाय जड झालेले असतात आणि ऊन डोक्यावर यायला लागलेलं असतं. त्यासाठी महिन्यातून दोन रविवार ग्रुपला घेऊन ठाण्याला ये. उपवन तलावाकडून येऊरच्या रस्त्यानं वर पाटोणपाड्यापर्यंत. आधी सपाटीवर पंधरा करायचे आणि मग चढ घ्यायचा, ताज्या पायांनी नाही. उजाडल्यावरच वर जायचं, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि बिबट्याचा वावर आहे. साडेनऊपर्यंत ठाणे स्टेशन गाठा. रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा कमी) बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो, त्याआधी घरी पोचलेलं बरं.

मीठभाकर :

आहारतज्ज्ञ म्हणून एक भर. संध्याकाळच्या धावेत घाम जास्त जातो, कारण मुंबईच्या दमट हवेत तो सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच पेसला नाडी वाढलेली दिसेल, तेव्हा पेस सोडा आणि श्वासावर धावा.

एकदा धावेआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर घाम गेला, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. तो तुमचा स्वतःचा आकडा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते : २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. ती अख्खी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणारे खूप जण भेटतात, मग मळमळतं आणि दोष पुडीला. उलट नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि चार-पाच तास धावणाऱ्याला तो धोका जास्त. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दीड तासापुढच्या धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. खजूर, राजगिऱ्याची वडी, जे पोटाला मानवेल ते, पण रविवारच्या सरावात आधी खाऊन बघा.

पहाटवारा :

तिघांचेही मनापासून आभार. आज चौकशी केली, दुसऱ्या मजल्यावर खरंच न्हाणीघर आहे, किल्ली सुरक्षारक्षकांकडे असते. या गुरुवारपासून सुरू करते. सासूबाईंनी ऐकल्याबरोबर खजुरातल्या बिया काढून डबी भरून ठेवली आहे, शुक्रवारचं नवऱ्याशी बोलणं व्हायचं आहे. काका, येऊरचं ग्रुपवर टाकलं, सहा जण तयार झाले.

एकच राहिलं. लांब धावेत काखेत आणि ब्राच्या पट्टीखाली सोलवटतं, आंघोळीचं पाणी पडलं की आग होते. काय लावता?

तिसरीघंटा :

धावायच्या आधी व्हॅसलीन, चांगलं जाडसर. खोबरेल तेल हिवाळ्यात पुरतं, दमट हवेत तासाभरात उतरतं. पट्टीची शिवण बाहेरच्या बाजूला असलेली ब्रा बघा आणि नवी कोरी कधीच लांब धावेला घालू नका, दोन-तीन धुण्यांनंतर. सोलवटलेल्या जागी रात्री झिंकचं मलम लावा.

गुरुवारी मीही साडेसहाला एनसीपीएच्या टोकाला असते, डोक्यावर पिवळी टोपी. हाक मारा.