दोन फुटी टँकमध्ये खरी झाडं लावायचीत, आपल्याकडची लाल माती चालेल काय?

वडगावकर

नमस्कार मंडळी. चुलतभाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना त्याचा दोन फुटी माशांचा टँक माझ्याकडं टाकून गेलाय, सोबत एक स्पंज फिल्टर आणि एअर पंप. ते निळे खडे नि प्लास्टिकची झाडं मला नकोत, खरी झाडं लावायची मनात हाय. दुकानात विचारायला गेलो तर त्यांनी झाडांना कार्बन डायऑक्साइड गॅस द्यायचा सीओटू सिलिंडर, पिशवीतली खास माती, भारीतला लाईट असं सगळं धरून जे बिल सांगितलं ते ऐकून गप घरी आलो. एवढं सगळं लागतंच काय? मामाचं गाव बेळगावजवळ जांबोटीकडं, तिथली लाल माती पाहिजे तेवढी मिळते, ती टाकली तर? पाण्याचं म्हणाल तर नळाला रोज येत नाही, टाकीत साठवलेलं असतंय, शिवाय परड्यात विहीर हाय. पोरीला गोल्डफिश पाहिजे आणि ते पण आजच. आणि आईचं म्हणणं, घरात पाणी साठवून ठेवलं की डास होणार. कुणाला अनुभव असेल तर सांगा की वो.

जांबोटी_रोड

सीओटू सोडा. तळाला पसरणारं हिरवं कार्पेट आणि रोटालासारखी लालभडक झाडं पाहिजे असतील त्यांनी त्या नादाला लागावं. सुरुवातीला अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन, हॉर्नवर्ट एवढ्यावर टँक भरतोय आणि यातल्या एकालाही गॅस लागत नाही. लाईट साधा एलईडी, ६५०० केल्विनचा, १०-१२ वॅटचा बास झाला, पण टायमर लावा आणि सुरुवातीला रोज ६ तासच ठेवा, नंतर ८ पर्यंत न्या. खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर जागा बदला, नाहीतर शेवाळ काढता काढता जीव जाईल.

आता माती. आपल्याकडची लाल माती म्हणजे जांभा दगड झिजून झालेली. लोखंड भरपूर, म्हणून तर लाल, पण पावसानं बाकीचं खत धुऊन गेलेलं असतंय. टँकसाठी हे चांगलंच की, कारण खताळ माती पाण्यात बुडाली की अमोनिया सोडते आणि नवीन टँकमध्ये मासे त्यानंच मरतात. माती घराजवळच्या परड्यातली नको, शेतातली तर अजिबात नको, युरिया आणि फवारणी सगळं त्यात असतंय. बांधाकडची, वरचा पाला बाजूला सारून वीतभर खालची घ्या. चाळून बादलीत भिजवा, वर तरंगणाऱ्या काड्या-मुळं ओतून टाका, माती उन्हात वाळवा, परत भिजवा. असं तीन-चारदा केलं की बरीचशी घाण जाते. मग तळाला इंचभर माती आणि वर दीड इंच धुतलेली वाळू. आता सगळीकडं एम-सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू मिळते, ती घेतली तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचा कंटाळा करू नका, त्यात दगडाची भुकटी लई असते. पाणी भरताना वाळूवर एक ताट ठेवून त्यावर बारीक धार सोडा, नाहीतर सगळा थर उकरला जाईल.

हां, बैलहोंगलकडची काळी माती कुणी सुचवली तर ऐकू नका, ती फुगते आणि पाणी निवळतच नाही.

आणि लावायची झाडं पहिल्या दिवशीच दाटीनं लावा. दोन काड्या खोचून वाट बघत बसलं की मोकळी जागा शेवाळ धरतंय.

निपाणी_बोअरवाला

जांबोटी रोडच्या दादांचं बरोबर हाय, पण नवख्या माणसाला माती सांगू नये असं माझं मत. एकदा का झाड उपटून दुसरीकडं लावायची हुक्की आली, आणि ती येतेच, की टँकचा चहा होतोय. नुसती वाळू घाला. अनुबियास आणि जावा फर्नला मातीची गरजच नाही, त्यांचं ते आडवं जाड खोड असतंय ते लाकडाला नाहीतर दगडाला दोऱ्यानं बांधायचं. ते खोड वाळूत पुरलं तर कुजतंय, दुकानवाले हे सांगत नाहीत. हॉर्नवर्ट नुसतं तरंगत सोडा. खत म्हणजे माशांची शी, दुसरं काय.

पाण्याबद्दल. आमच्याकडं बोअरचं पाणी एवढं जड की बादलीला पांढरा थर बसतोय. तरी व्हॅलिस्नेरिया झकास वाढते, कारण जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती स्वतःचा कार्बन काढून घेते. गप्पी, मोलीला पण असंच पाणी मानवतंय. फक्त 'लिक्विड कार्बन' नावाची बाटली तुमच्या गळ्यात मारतील, ती व्हॅलिस्नेरियावर घालू नका, पानं विरघळतात. तुमच्या विहिरीचं पाणी जड की हलकं ते कळायला गीझर नाहीतर चहाचं भांडं बघा, आत पांढरं साचतंय काय. आणि शहाबादी फरशीचे तुकडे सजावटीला टाकू नका, तो चुनखडक हाय. दगडावर लिंबू पिळा, फसफसलं तर तो दगड बाहेर.

टिळकवाडीची_अक्का

मी गोल्डफिशचं सांगते, कारण त्या बाळाचा हट्ट तुम्ही पुरवणार हे दिसतंयच. दोन फुटी टँकमध्ये जेमतेम ५४ लिटर पाणी मावतं, त्यात वाळू-माती गेली की अजून कमी. गोल्डफिश हाताएवढा होतो, घाण भरपूर करतो आणि मऊ झाडं खातो. झाडं हवीत तर तो नको. मुलांना गप्पी दाखवा, रंग बघून ती गोल्डफिश विसरतात. फक्त नर घ्या हं, मादी आणली तर पिल्लं वाटत गल्लीभर फिरावं लागेल.

पण आधी मासे नाहीतच. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ते नायट्रेट झाडं खातात. हे जिवाणू स्पंजवर नि वाळूवर बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. माती घातली असेल तर पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी अर्धं पाणी बदला, तेव्हा अमोनिया सगळ्यात जास्त सुटतो. टेस्ट किट घ्या, सिलिंडरपेक्षा तो खर्च बरा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग मासे, ते पण थोडे थोडे. मधे पाणी पांढुरकं होईल, काचेवर तपकिरी थर येईल, क्रिप्टोची, म्हणजे क्रिप्टोकोरीनची, पानं गळून तो मेल्यासारखा वाटेल. त्याला उपटू नका, मुळं जिवंत असतात, परत फुटतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बादलीत दिवसभर उघडं ठेवलं तर उडून जातं. नंतर आठवड्याला पाव टँक बदलायचं. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली धुतला की जिवाणू गेले.

आपल्याकडं पावसाळ्यात वाऱ्यानं लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, पॉवर बँकेला लावायचा. रात्री झाडं पण ऑक्सिजन घेतात, त्यामुळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर तांब्यानं पाणी उंचावरून परत टँकमध्येच ओतत राहा. आणि डिसेंबर-जानेवारीत ५० वॅटचा हीटर लागेलच, बेळगावची थंडी गप्पीला सोसत नाही.

डासांचं आई बरोबर बोलताहेत, पण मासे येईपर्यंतच. एअर पंपानं पाणी वर हललं पाहिजे आणि टँकवर बारीक जाळी टाका. गप्पी आल्या की अळी उरत नाही.

वडगावकर

अक्का, दादा, लई उपकार. गीझर बघितला, पांढरं काही नाही, म्हणजे विहिरीचं पाणी हलकंच म्हणायचं. मातीबद्दल मात्र अजून ठरत नाही. अजून एक, मामाच्या गावाकडं ओढ्यात पाण्याखाली लांब पानाची झाडं दिसतात, ती आणली तर फुकटात काम होईल काय?

जांबोटी_रोड

ओढा कुठला त्यावर हाय. भीमगड अभयारण्य २०११ पासून हाय, त्याच्या हद्दीतलं एक पान पण उचलायचं नाही, वनखात्याचं लफडं गळ्यात येईल. आणि लांब पानाची म्हणताय ती क्रिप्टोकोरीनची रानटी जात असू शकते, वाहत्या गार पाण्यातली. घरी ती टिकेलच असं नाही, उगाच उपटून मारायचं. त्यापेक्षा मामाच्या भाताच्या खाचरालगतच्या डबक्यात हॉर्नवर्ट नाहीतर हायड्रिला बघा, ते कुठंही वाढतंय.

आणल्या आणल्या टँकमध्ये टाकू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, धुवा, आणि आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत ठेवून रोज बघा. चतुराची अळी येते त्यातून, चपटी, मातकट रंगाची, सहा पायांची. ती गप्पीसारखे लहान मासे एकेक करून उचलते आणि तुम्हाला कळत पण नाही मासे कमी कशानं होताहेत.

मातीचं म्हणाल तर निपाणीवाल्या भावाशी मी भांडणार नाही, पण अमेझॉन स्वोर्ड नावाचं झाड किंवा क्रिप्टो घेणार असाल तर त्यांचं खाणं मुळातून असतंय, नुसत्या वाळूत ती पिवळी पडतात. फक्त तेवढ्या कोपऱ्यात माती घाला की, पुढं दगडाचा बांध घालून. बाकी टँकभर वाळू.

निपाणी_बोअरवाला

हे चालतंय. पण तो स्वोर्ड उपटू नका म्हणजे झालं, जिथं लावला तिथंच.

वडगावकर

ठरलं मग. रविवारी मामाकडं जातोय. पोरीला सांगितलंय मासे दिवाळीनंतर, ती बोलत नाही सध्या माझ्याशी.